रेई कावाकुबोंचा ‘ऑर्लँडो’: पुस्तक शोधायचं तर शिवणीत शोधा

व्हर्जिनिया वुल्फच्या ‘ऑर्लँडो’ या कादंबरीवरून जपानी डिझायनर रेई कावाकुबोंनी केलेलं पुरुषांचं कलेक्शन आता जुन्या कपड्यांच्या बाजारात फिरतंय आणि त्याच्याबरोबर तेच तीन आक्षेपही फिरतायत. पहिला, की हे ऑपेराचे पोशाख आहेत, माणसांनी घालायचे कपडे नव्हेत. दुसरा, की पुरुषांना घेरदार कपडे घालून नुसता धक्का द्यायचा होता. तिसरा आक्षेप वाचणाऱ्यांचा: यात पुस्तक आहे कुठे? तिन्ही आक्षेप बहुतेक वेळा रॅम्पवरचे फोटो बघून घेतलेले असतात. फोटोत शिवण दिसत नाही, अस्तर दिसत नाही, कापड कोणत्या धाग्यावर कापलंय हे तर मुळीच दिसत नाही. या कलेक्शनचं सगळं सांगणं मात्र तिथेच आहे.

आधी नेमकं काय ते. कॉम दे गार्सों ओम प्ल्यूस (कावाकुबोंच्या कॉम दे गार्सों ब्रँडची पुरुषांच्या कपड्यांची शाखा), वसंत-उन्हाळा २०२०. पॅरिसमध्ये जून २०१९ मध्ये दाखवलं. तीन अंकांच्या मालिकेतला हा पहिला अंक. दुसरा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेलं स्त्रियांचं कलेक्शन आणि तिसरा ८ डिसेंबर २०१९ ला व्हिएन्ना स्टेट ऑपेरात सादर झालेल्या ओल्गा नॉयविर्थ यांच्या ‘ऑर्लँडो’ या ऑपेराची वेशभूषा. दीडशे वर्षांच्या त्या संस्थेनं मुख्य रंगमंचासाठी एका स्त्री संगीतकाराकडून ऑपेरा लिहवून घेण्याची ती पहिलीच वेळ होती. कावाकुबोंनी आपल्या नेहमीच्या मोजक्या शब्दांत या कामाचं सूत्र सांगितलं होतं: काळातून होणारं रूपांतर आणि मुक्ती. त्यापलीकडे फारसं स्पष्टीकरण नाही. त्या देतही नाहीत.

पुस्तक माहीत असेल तर हे सूत्र पुरेसं आहे. ‘ऑर्लँडो’ ऑक्टोबर १९२८ मध्ये प्रसिद्ध झालं. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात नायक सोळा वर्षांचा सरदारपुत्र असतो. तिसाव्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो सात दिवस सलग झोपतो आणि जागा होतो तेव्हा स्त्री झालेला असतो. १९२८ साली पुस्तक संपतं तेव्हा ती छत्तीस वर्षांची असते. साडेतीन शतकं ओलांडूनही वय जेमतेम वीस वर्षांनी वाढलेलं. मग वाचकाला काळ सरकल्याचं कळतं कसं? हवामानानं, घरातल्या सामानानं आणि सगळ्यात जास्त कपड्यांनी. सुरुवातीला राणीच्या स्वागतासाठी ऑर्लँडो किरमिजी विजार, लेसची कॉलर, टाफेटा या कडक रेशमी कापडाचा वेस्टकोट आणि डेलियाच्या फुलाएवढ्या गोंड्यांचे बूट दहा मिनिटांच्या आत अंगावर चढवतो. शेवटच्या प्रकरणात तीच व्यक्ती स्कर्ट उतरवून पीळदार विणीची विजार आणि चामड्याचं जाकीट घालते, आणि त्याला तीन मिनिटंही लागत नाहीत. मधल्या टप्प्यात बाई-पुरुष कुणीही घालावेत असे तुर्की कोट आणि विजारी येतात, आणि एकोणिसाव्या शतकात क्रिनोलिन, म्हणजे स्कर्ट फुगवून ठेवणारा पेटीकोट येतो, जो आजवर घातलेल्या कोणत्याही पोशाखापेक्षा जड आणि चालणं अडवणारा आहे. किती मिनिटांत चढतो, किती वजनाचा आहे, त्यात चालता येतं का, हे वुल्फनं कपड्याला विचारलेले प्रश्न आहेत, आणि नेमके हेच प्रश्न शिंप्याचेही असतात.

म्हणून या कलेक्शनकडे बघताना छापलेली वाक्यं किंवा लेखिकेचा चेहरा शोधणं व्यर्थ आहे. पुस्तक आलंय ते बेतण्यात. खांदे आणि कॉलर पुरुषी सुटाच्या शिस्तीतली, आणि कंबरेखाली तोच कोट शतक बदलून घेरात फुलतो. वरचा भाग आणि खालचा भाग दोन काळांतले, दोन देहांसाठीचे, पण एकाच कपड्यात, एकाच बटणाच्या रांगेत. मला हे या कलेक्शनचं सगळ्यात मोठं यश वाटतं. एका पात्रानं सात दिवसांच्या झोपेत केलेला प्रवास इथे कंबरेवरच्या दोन-तीन सेंटीमीटरांत होतो.

हे काम तांत्रिकदृष्ट्या किती नाजूक आहे ते कळल्याशिवाय कोटाची किंमतही कळत नाही आणि दोषही दिसत नाहीत. कंबरेखाली घेर आणायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक, कंबरेवर आडवी शिवण घेऊन खाली वर्तुळाकार कापलेला भाग जोडायचा. दोन, खांद्यापासून खालपर्यंत अखंड उभ्या पट्ट्या बेतायच्या आणि कंबरेखाली त्या रुंदावत न्यायच्या किंवा शिवणींमध्ये त्रिकोणी कळ्या घालायच्या. दोन्हींचा दिसण्यातला फरक लगेच ओळखता येतो. वर्तुळाकार घेर कंबरेपासूनच फुटतो आणि त्याच्या लाटा सगळीकडे सारख्या पडतात. कळ्यांचा घेर नितंबांपाशी सुरू होतो, लाटा शिवणींच्या जागी ठरून पडतात आणि कोट समोरून बराचसा साधा दिसतो.

वर्तुळाचं गणित सोपं आहे, आणि एकदा करून पाहिलं की फोटोतला घेर किती हे अंदाजानं सांगता येतं. तयार कोटाची कंबर ९२ सेंटीमीटर धरा (८४ ची कंबर आणि ८ ची सैल जागा) आणि कंबरेखालची लांबी ३५. पूर्ण वर्तुळ कापलं तर आतली त्रिज्या ९२ भागिले ६.२८, म्हणजे १४.६ सेंटीमीटर, आणि खालच्या कडेचा घेर ३१२ सेंटीमीटर. अर्ध्या वर्तुळाला त्रिज्या २९.३ आणि घेर २०२. पाव वर्तुळाला त्रिज्या ५८.६ आणि घेर १४७. रोजच्या वापरात पाव वर्तुळ चालताना जाणवतही नाही, अर्धं वर्तुळ खुर्चीवर बसताना सावरावं लागतं, आणि पूर्ण वर्तुळ गर्दीच्या ट्रेनमध्ये त्रास देतं. विकत घेण्याआधी खालच्या कडेची टेपनं मोजणी करा. ती कंबरेच्या दुपटीच्या आत असेल तर कोट नेहमीच्या वापरातला आहे. तिपटीच्या पुढे असेल तर तो खास प्रसंगासाठीच ठेवावा लागेल, हे आधीच मान्य करून घ्या.

आता वजन. चौरस मीटरला ३०० ग्रॅमचं कापड असेल तर वरच्या मापाच्या अर्ध्या वर्तुळाचं वजन साधारण १५५ ग्रॅम होतं आणि पूर्ण वर्तुळाचं २१० ग्रॅम. अस्तर आणि दुमड वेगळी. आकडा छोटा वाटतो, पण हे सगळं वजन एका आडव्या शिवणीला लटकलेलं असतं. त्या शिवणीत न ताणणारी पट्टी घातलेली नसेल तर वर्षभरात कंबर एक-दीड सेंटीमीटर सैल होते, घेर खाली सरकतो आणि कोट मागून लोंबायला लागतो. कोट उलटा करून कंबरेच्या शिवणीवर अंगठा फिरवा. आत पट्टी असेल तर कडकपणा लागतो आणि दोन्ही हातांनी हलकं ताणलं तरी शिवण लांबत नाही. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि दुकानात कुणी हरकत घेत नाही.

वर्तुळाकार भागाची दुसरी अडचण उरेबाची, म्हणजे धाग्यांना तिरक्या जाणाऱ्या कापडाची. वर्तुळ कापलं की त्यातला काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही आडव्यावर आणि मधला उरेबावर. उरेब भाग आपल्याच वजनानं उतरतो. म्हणून चांगला शिंपी असा भाग जोडल्यावर एक-दोन दिवस टांगून ठेवतो, उतरलेलं कापड कापून कड सारखी करतो आणि मगच दुमडतो. घाईत हे टाळलं तर कोटाची खालची कड बाजूच्या शिवणींपाशी खाली आणि मधोमध वर दिसते. सपाट जमिनीपासून कडेची उंची पाच ठिकाणी मोजा: मागे मध्यभागी, दोन्ही बाजूंना आणि समोरच्या उघड्या कडांच्या दोन टोकांना. फरक एक सेंटीमीटरपर्यंत असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल आणि तो डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा असेल तर एकतर काम सदोष आहे किंवा कोट चुकीच्या हँगरवर वर्षानुवर्षं टांगलेला आहे. इथे एक सावधगिरी हवी. कावाकुबोंच्या कपड्यांत असमानता पुष्कळदा मुद्दामची असते. मुद्दामची असमानता सरळ धाग्यावर, स्वच्छ शिलाईत येते. दोषातली असमानता सुरकुत्या आणि ओढ घेऊन येते. हा फरक ओळखायला वेळ लागतो, पण एकदा डोळा बसला की चुकत नाही.

अंगावर घालून बघताना बहुतेक जण खांद्याकडे बघतात. ते बरोबर आहे, पण या कोटांत कंबरेची उंची तितकीच महत्त्वाची. मानेच्या मागच्या हाडापासून नैसर्गिक कंबरेपर्यंतचं अंतर ढोबळमानानं उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढं असतं: १७६ सेंटीमीटर उंचीला ४४. कोटाची कंबर याच्या दोन सेंटीमीटरहून जास्त खाली पडत असेल तर घेर नितंबांवर बसतो आणि फुलायच्या ऐवजी बाजूला फेकला जातो. वर पडत असेल तर तितकं बिघडत नाही, उलट पाय लांब दिसतात. कोट कंबरेवर घट्ट असेल तर आणखी एक गोष्ट होते. बटणाभोवती चार बाजूंनी ओढ दिसते आणि घेराच्या पुढच्या दोन कडा एकमेकींपासून दूर जातात. साध्या सुटात एक सेंटीमीटर घट्टपणा खपून जातो, इथे खपत नाही, कारण घेर तो फरक खाली कितीतरी मोठा करून दाखवतो. म्हणून दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं माप घ्या आणि बटण सरकवून घ्या. बटण आत सरकवणं पंधरा मिनिटांचं काम आहे. कंबर सैल करायची तर आडवी शिवण उसवावी लागते, आणि ओम प्ल्यूसच्या कोटांत त्यासाठी पुरेशी माया (शिवणीत आत सोडलेलं जास्तीचं कापड) सापडेलच असं नाही.

मापाबद्दल सांगायचं तर ही मापं जपानी आहेत आणि अंगकाठी सडपातळ धरलेली आहे. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, वर आणि आखूड असतो. हात पुढे केला तर पाठ ओढली जात नाही, ही त्याची जमेची बाजू. पण दंड जाड असेल तर बगलेत कोट चावतो. नुसत्या लेबलवरच्या अक्षरावर जाऊ नका. तुम्हाला उत्तम बसणारं जाकीट सपाट पसरून बगल ते बगल मोजा, दुप्पट करा आणि त्याच पद्धतीनं विक्रेत्याकडून माप मागवा. छातीपेक्षा ८ ते १२ सेंटीमीटर जास्त असावं. खांद्याच्या रुंदीत एका सेंटीमीटरहून जास्त फरक नको, कारण खांदा बदलणं ही सगळ्यात महागडी दुरुस्ती आणि या कोटांत तर ती करूच नये. छातीत ११० च्या पुढे असलेल्यांना या कलेक्शनमधले नेमके घेरदार कोट बसणं अवघड आहे. ही उणीवच म्हणायला हवी. रूपांतर आणि मुक्तीची भाषा करणाऱ्या कपड्यांनी आणखी दोन मापं दिली असती तर ती भाषा जास्त खरी वाटली असती.

कापडाकडे वळू. चकाकत्या, उठावदार विणीचं किनखापासारखं कापड ऐतिहासिक वळणाच्या कपड्यांत हमखास येतं, आणि हमखास बिघडतंही. अशा कापडाच्या उलट्या बाजूला नक्षीचे धागे मोकळे तरंगत असतात. अस्तर नसलेल्या जागी, उदाहरणार्थ घेराच्या आतल्या बाजूला, अंगठी, घड्याळाचा पट्टा किंवा पिशवीची कडी त्यात अडकते आणि एक धागा ओढला गेला की पुढच्या बाजूला नक्षी चुरगळते. ओढलेला धागा कापायचा नाही. बोथट सुईनं तो उलट्या बाजूला परत ओढून घ्यायचा आणि नक्षी सारखी करायची. कापड कडेला उसवतंही लवकर, म्हणून शिवणीत दीड ते दोन सेंटीमीटर माया आणि कडांना ओव्हरलॉक असायलाच हवं. कावाकुबो मुद्दाम कच्ची कड ठेवतात तेव्हा बहुतेकदा कडेपासून थोडं आत धावदोऱ्याची एक रांग असते, जी उसवणं तिथेच थांबवते. ती रांग तुटलेली दिसली तर कोट घालायच्या आधी शिवून घ्या, नंतर नाही.

पॉलिएस्टर बघून नाक मुरडणारे बरेच आहेत. या ब्रँडच्या बाबतीत ते चुकतात. ओम प्ल्यूसनं वर्षानुवर्षं पॉलिएस्टर आटवून, आक्रसवून एक कोरडा, सुरकुतलेला पोत तयार केला आहे, जो लोकरीला येत नाही. घेराला अशा कापडाचा फायदाही होतो: ते हलकं असतं आणि घडी पडली तरी तिचा वेगळा डाग दिसत नाही. तोटा घामाचा. वसंत-उन्हाळा म्हणून विकलेल्या कोटात आतून पूर्ण अस्तर असेल तर तीस अंश तापमानात तो घालवत नाही. हवामान बघून घ्यायचा असेल तर पाठीत अर्धंच अस्तर असलेला कोट शोधा.

शर्टांच्या झालरींचं थोडक्यात: झालर किती दाट आहे ते बघायला तिची लांबी आणि जिला ती जोडली आहे त्या कडेची लांबी मोजा. कडक सुती कापडाला दुप्पट पुरते, ऑर्गंझासारख्या पातळ कापडाला अडीच ते तिप्पट लागते. दीडपटीची झालर दोन धुण्यांत मरगळते. या कलेक्शनमधल्या झालरींत कंजुषी नाही, पण इस्त्रीला वेळ लागतो आणि कोट वरून घातला की त्या चेपल्या जातात. कोटाआत झालरीचा शर्ट घालायचा असेल तर झालर गळ्यापुरती किंवा मनगटापुरती असलेला निवडा. छातीभर झालर असलेला शर्ट कोटाशिवाय, वेस्टकोटखाली जास्त शोभतो.

विजारींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घेरदार कोटाखाली त्या आखूड किंवा सरळ ठेवल्या आहेत आणि तेच योग्य आहे. रुंद विजार आणि रुंद घेर एकत्र आले की माणसाची उंची हरवते.

आता ऑपेराच्या पोशाखांच्या आक्षेपाकडे. रंगमंचावरचा कपडा आणि दुकानातला कपडा यांत फरक दिसण्यापेक्षा बांधणीत असतो. रंगमंचाच्या कपड्याला शिवणींत भरपूर माया ठेवतात, कारण उद्या तो दुसऱ्या गायकाला बसवायचा असतो. मागे हूक किंवा वेल्क्रो असतो, कारण पडद्याआड अर्ध्या मिनिटात बदलायचा असतो. गायकाचा श्वास मोकळा राहावा म्हणून छाती-पोटाला जास्तीची जागा असते. कपडा दूरच्या रांगेतून दिसायचा असल्यामुळे बारीक हातशिलाईवर कुणी खर्च करत नाही. ओम प्ल्यूसचे कोट याच्या नेमके उलट आहेत: काज पक्के, खिसे वापरायचे, अस्तर नीट बसवलेलं आणि माया आखूड. रॅम्पवर मॉडेल्सनी घातलेले केसांचे टोप आणि एकावर एक चढवलेले थर यांमुळे नाट्य वाटतं. टोप काढा, तीन थरांतला एकच ठेवा, तर उरतो तो एक चांगला बेतलेला कोट. काळ्या साध्या विजारीवर आणि साध्या शर्टावर तो पाहा. कावाकुबोंनी ज्या रूपांतराबद्दल बोलायचं ठरवलं होतं ते तेव्हा जास्त स्पष्ट दिसतं, कारण बघणाऱ्याचं लक्ष वेधायला दुसरं काही नसतं.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल माझं मत ठाम आहे. पुरुषांच्या अंगावर घेर हे नवल नाही आणि कावाकुबोंसाठी तर नाहीच. त्यांनी कॉम दे गार्सों १९६९ मध्ये सुरू केलं, पुरुषांचे कपडे १९७८ मध्ये आणि ओम प्ल्यूस १९८४ मध्ये आलं. तेव्हापासून पुरुषी सूट उसवून पुन्हा जोडणं हेच या नावाखाली चाललंय. शिवाय जुन्या शतकांत पुरुषांचे कोट पुष्कळदा कंबरेखाली घेरदारच होते. धक्का बसतो तो आपल्या डोळ्यांना फक्त शेवटच्या दोनशे वर्षांची सवय असल्यामुळे. आणि ‘ऑर्लँडो’चा तर मुद्दाच हा, की साडेतीनशे वर्षं जगलेल्या माणसाला ही सवय लागूच शकत नाही.

इतर फॅशन घराण्यांनी याच पुस्तकाचं काय केलं ते शेजारी ठेवून पाहणं उपयोगी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये लंडनला बर्बरीसाठी क्रिस्टोफर बेली यांनी ‘ऑर्लँडो’वरून कलेक्शन केलं होतं. शो संपताच कपडे दुकानात, ही त्यांची पद्धत तेव्हाच सुरू झाली. गळ्याच्या झालरी, लष्करी जाकिटं, पायजमे: काळ ओळखू यावा अशा खुणा त्यांनी घेतल्या आणि आजच्या कपड्यांवर बसवल्या. ते कपडे घालायला सोपे आहेत, आणि झालर काढून ठेवली की नेहमीच्या ट्रेंचकोटाशी जुळतात. किम जोन्स यांनी जानेवारी २०२१ मध्ये फेंडीसाठी केलेलं पहिलं कूत्यूर (मापानं हातानं शिवलेल्या महागड्या कपड्यांचं) कलेक्शनही वुल्फच्या मित्रवर्तुळाभोवती फिरतं. तिथे पुस्तक वस्तू म्हणून, आठवण म्हणून येतं. दोन्ही देखणी कामं आहेत. पण दोन्हींत पुस्तक काढून घेतलं तरी कपडा तसाच उभा राहतो. कावाकुबोंच्या कोटातून पुस्तक काढायचं तर कंबरेची शिवणच उसवावी लागेल.

उणिवा आणखी दोन आहेत आणि त्या सांगायला हव्यात. असा कोट घातल्यावर त्यावर दुसरा ओव्हरकोट घालता येत नाही. पावसाळी किंवा थंड हवेत यामुळे मोठी अडचण होते, कारण घेर चेपला की कंबरेवर कायमची घडी पडते. पर्याय एकच, खांद्यावरून खाली मोकळा पडणारा केप. दुसरी उणीव खिशांची. घेराच्या भागात शिवलेल्या खिशात फोन ठेवला की त्या बाजूची लाट खाली ओढली जाते आणि कोट तिरका दिसतो. छातीच्या आतल्या खिशापलीकडे काही ठेवू नये.

जुन्या बाजारातून घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी नेमक्या सांगतो. कॉम दे गार्सोंच्या कपड्यांत आतल्या लेबलवर ‘एडी’ आणि पुढे साल छापलेलं असतं. ते बनवल्याचं साल आहे, मोसमाचं नव्हे. त्यामुळे २०२० च्या उन्हाळ्याच्या कपड्यांवर बहुतेक वेळा एडी२०१९ दिसतं. साल जुळत नाही म्हणून खरा कपडा सोडून देऊ नका, आणि एडी२०१९ दिसलं म्हणून लगेच ‘ऑर्लँडो’ समजू नका, कारण २०१९ च्या हिवाळ्याचे कपडेही त्याच सालात बनलेले असू शकतात. शंका असेल तर रॅम्पच्या फोटोंशी कापड आणि कॉलर जुळवा. लेबलवरचा कोड इंग्रजी ‘पी’ अक्षरानं सुरू होत असेल तर तो ओम प्ल्यूसचा. आडव्या रेघेनंतर ‘जे’ म्हणजे जाकीट, ‘बी’ म्हणजे शर्ट, ‘पी’ म्हणजे विजार. विक्रेत्यानं जाकीट म्हणून टाकलेल्या फोटोत लेबलवर ‘बी’ असेल तर लेबल दुसऱ्या कपड्यावरून आलेलं असण्याची शक्यता धरा.

धुलाईच्या खुणाही वाचा. जपाननं डिसेंबर २०१६ पासून आंतरराष्ट्रीय खुणा स्वीकारल्या आहेत, त्यामुळे या कलेक्शनच्या लेबलवर त्याच असतात. वर्तुळात ‘पी’ म्हणजे परक्लोरोएथिलिनसह नेहमीची ड्रायक्लीनिंग चालते. ‘एफ’ म्हणजे फक्त सौम्य पेट्रोलियम द्रावण. ‘डब्ल्यू’ म्हणजे व्यावसायिक ओली धुलाई. वर्तुळाखाली एक रेघ असेल तर हळुवार, ‘डब्ल्यू’खाली दोन असतील तर फारच हळुवार. ‘एफ’चा कपडा परक्लोरोएथिलिनमध्ये गेला तर प्लॅस्टिकच्या सजावटी, लेप दिलेली कापडं आणि काही चिकटवलेले थर बिघडतात. कपडा देताना लेबल दाखवा आणि कोणतं द्रावण वापरतात ते विचारा.

सगळ्यात मोठा धोका पॉलियुरेथेनचा. कृत्रिम चामड्याच्या पट्ट्या, चमकदार लेप, दोन कापडं चिकटवून केलेले थर, या सगळ्यांत ते असू शकतं. हवेतल्या दमटपणामुळे ते आतूनच विघटित होतं, कपडा एकदाही घातला नसला तरी. जपानी लेबलांवर तसा इशारा पुष्कळदा छापलेला असतो. घटकांच्या यादीत पॉलियुरेथेन दिसलं की त्या भागावर अंगठा पाच सेकंद दाबून उचला. चिकटपणा लागला, पृष्ठभाग भुकटीसारखा सुटला किंवा आंबट वास आला, तर तो भाग वाचत नाही. कोणताही लेप, मेण किंवा तेल लावून तो परत येत नाही. फोटोवरून घेत असाल तर विक्रेत्याला ही तपासणी करून नेमकं काय आढळलं ते लिहून पाठवायला सांगा. स्पॅन्डेक्सच्या रूपात दोन-तीन टक्के असेल तर काळजी कमी, तिथे फक्त ताण सैल पडतो.

कॉलर आणि पुढच्या पाळीवर (लॅपेलवर) बारीक फोड दिसले तर आतलं फ्युजिंग, म्हणजे ताठपणासाठी आत चिकटवलेलं कापड, सुटलंय. लहान भागात सुटलं असेल तर मध्ये सुती कापड ठेवून वाफेशिवाय, दाबून दहा-बारा सेकंद इस्त्री केल्यानं ते पुन्हा चिकटतं. पण पॉलिएस्टरवर हे करताना आधी आतल्या दुमडीवर करून बघा, कारण चमकेचा डाग पडला तर तो जात नाही. किनखापावर थेट इस्त्री नकोच.

कोट ठेवायला खांद्यापाशी चार-पाच सेंटीमीटर जाडीचा रुंद हँगर वापरा आणि कपाटात घेराला दोन्ही बाजूंनी मोकळी जागा द्या. पूर्ण वर्तुळाचा घेर असेल तर महिनोन्महिने टांगून ठेवू नका. उरेब भाग उतरतच राहतो. कंबरेच्या शिवणीशी घडी न घालता, मध्ये आम्लविरहित कागद भरून, खोक्यात सपाट ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी कागद हलवून घडीची जागा बदला.